मधमाश्यांशी खोटं बोलू नये

"बाई, माझ्या मावसबहिणीच्या थडग्यावर दर वर्षी कुणीतरी फुलं वाहतं," सेलिना ओडेल म्हणाली. "आणि तिच्यासाठी फुलं वाहील असं आमच्या घरात कुणीच उरलेलं नाही."

ती खुर्चीच्या कडेला टेकली होती. बोलताना तिचे हात मात्र चालूच होते. काखेत ओलसर गव्हाच्या काडांची जुडी, ओठांत दोन-तीन काड्या आणि बोटांतून सरसर उतरणारी वेणी. त्या काळी आमच्या बेडफर्डशायरात बाई कुठेही निघाली की काडाची वेणी तिच्याबरोबर निघायची. रस्त्याने चालताना, शेजारणीशी बोलताना, होणाऱ्या नवऱ्याशी भांडतानासुद्धा हात थांबायचे नाहीत. लुटन शहरच्या गवती टोप्यांचा सगळा थाट या वेण्यांवर उभा होता.

ट्रँटरबाई तिच्या हातांकडे बघत होत्या. पकडून आणलेल्या बायकांची झडती घेण्याचं काम त्यांनी पोलीस ठाण्यात पुष्कळ वर्षं केलं होतं. बाई तोंडाने काहीही सांगो, हात काय करतात ते पाहावं, हे त्या तिथे शिकल्या. नवरा गेल्यावर त्यांनी ते काम सोडलं आणि लोकांच्या खाजगी भानगडींचा छडा लावायला सुरुवात केली. सोबतीला धाकटे दीर होते, ईनॉक, रेल्वेचे निवृत्त गार्ड. माणूस मनाने सोनं, डोक्याने मालगाडी.

"थडगं कुणाचं, ते नीट सांग," ट्रँटरबाई म्हणाल्या.

"फीबीचं. टॅबिथामावशीची मुलगी. मावशीचा नवरा विहिरी खणायचा. ती पोटुशी असतानाच तो विहिरीत गाडला गेला. मग बाळंत झाल्यावर मावशी लंडनला गेली, एका बड्या घरच्या बाळाला अंगावर पाजायला. फीबीला माझ्या आईजवळ ठेवलं. मीही तेव्हाच जन्मले होते, आईला दोघींपुरतं दूध होतं. पुढे डांग्या खोकल्याची साथ आली. मी वाचले, फीबी वाचली नाही. त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये मावशीही वारली. आईने मला हेच सांगितलंय."

"आणि फुलं?"

"दर वर्षी आईच्या रविवारी."

ईनॉकनी मान डोलावली. नोकरीतल्या मुली सुटी घेऊन आपापल्या आईला भेटायला येतात, तो हा रविवार. त्या दिवशी गाड्या केक आणि जांभळ्या फुलांच्या जुड्यांनी भरून जातात, हे गार्डाला कुणी सांगायला नको.

"यंदा मी कुंपणाआड थांबले," सेलिना म्हणाली. "काळ्या पोशाखातली एक बाई आली. मोठ्या घरच्या कारभारणीसारखी. फुलं ठेवली, काडाची एक वेणी ठेवली. मी पुढे झाले, तर माझ्या तोंडाकडे बघून पांढरीफटक पडली आणि तरातरा निघूनच गेली. घरी येऊन आईला विचारलं, तर तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. वेणी चुलीत टाकणार होती, मी हिसकावून घेतली."

तिने पिशवीतून वेणी काढून टेबलावर ठेवली.

"ईस्टर झाला की माझं लग्न आहे, बाई. आई माझी लग्नाची टोपी करतेय. सगळी वेणी तिच्या हातची. पण ती माझ्याशी खोटं बोलत असेल, तर ती टोपी माझ्या डोक्यावर टिकायची नाही. मला एवढंच सांगा, माझी आई खोटं बोलतेय का?"

ट्रँटरबाईंनी थडग्यावरची वेणी सेलिनाच्या हातातल्या वेणीशेजारी धरली.

"तुला विणायला कुणी शिकवलं?"

"आईनेच. हा नमुना आमच्या आजीचा. पण आईची घडी उजवीकडे पडते, माझी उलटी. लहानपणी माझा डावा हात पाठीशी बांधून ठेवायची. काही उपयोग झाला नाही. वेण्या विकत घेणारा व्यापारी अजून नाक मुरडतो."

"भावजी, या दोन वेण्या बघा बरं."

ईनॉकनी चष्मा लावला. "दोन्ही सारख्याच की, वहिनी."

"अगदी बरोबर," ट्रँटरबाई म्हणाल्या आणि टोपी घालायला उठल्या.

*

फीबीचं थडगं शेजारच्या गावच्या चर्चमागे होतं, तिच्या बापाच्या थडग्याला लागून. लाकडी फळीवरची अक्षरं पुसट झाली होती. भोवती मधमाश्यांना आवडणाऱ्या सुवासिक थाईमची गच्च झुडपं माजली होती.

कबरी खणणारा एमॉस गर्नी फावड्यावर रेलून उभा होता.

"झुडपं तुम्ही लावलीत?" ट्रँटरबाईंनी विचारलं.

"मी? मला मेलेल्यांची सेवा पुरे झाली, झाडांची कुठे करू! ती दुसरीने लावली."

"दुसरी कोण?"

"दोन बाया येतात की. एक आईच्या रविवारी, काळ्या कपड्यातली. दुसरी पानगळ सुरू झाली की, पोर गेलं त्या सुमाराला. ती तोंडावर जाळी ओढून येते. दोघींची गाठ कधी पडत नाही. पण बसतात सारख्याच."

"सारख्या म्हणजे?"

"मावश्या, आत्या, काकवा उभ्या राहून रडतात हो. खाली मातीत बसतात त्या आया." तो हसला. "पण एका पोराला दोन आया कुठून येणार? म्हणून मी आपला गप्प बसतो."

परतताना ईनॉकनी आपल्या तर्काची गाडी सोडली. "माझ्या ध्यानात आलं, वहिनी! काळी बाई म्हणजे सेलिनाच्या बापाची ठेवलेली बाई. पोर तिचं."

"भावजी, तुमचं इंजिन जोरात आहे, फक्त रूळ चुकलाय. तुम्ही असं करा. स्टेशनवर तुमचे जुने सोबती आहेत. दर वर्षी आईच्या रविवारी इथे उतरणारी काळ्या पोशाखातली कारभारीण कुठून येते, तेवढं विचारा."

ईनॉक एकदम ताठ झाले. हे त्यांचं खातं होतं.

*

ओडेलांचं घर गावाच्या टोकाला होतं. मागच्या बागेत बाकावर मधमाश्या पाळायच्या गवती टोपल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांच्याभोवती थाईम पसरली होती. केझाया ओडेल उंच, सरळ पाठीची बाई. तिचा नवरा जॉब चुलीपाशी चहाचा पेला धरून बसला होता. खिडकीत पांढऱ्या फडक्याखाली अर्धी झालेली लग्नाची टोपी होती.

"पोरीला लग्नाआधी भलतंसलतं सुचायला लागलंय," केझाया म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"फीबीच्या थडग्यावर तुम्ही जाता?"

"पुरलं त्या दिवसानंतर पाऊल टाकलं नाही. बघवत नाही मला."

"आणि तुमची बहीण?"

"मेली. दूध विकायला लंडनला गेली आणि तिकडेच मेली. कुठे पुरली तेही कुणी कळवलं नाही."

"लेकरू बहिणीच्या भरवशावर टाकून गेली म्हणायची."

केझायाच्या ओठांची रेघ झाली. जॉबनेच मध्ये तोंड घातलं. "मी तेव्हा वीटभट्टीवर होतो. साथ उतरेपर्यंत मला घरात घेतलं नव्हतं. मी काही पाहिलं नाही, बाई. आणि पोरीला आम्ही काय कमी केलं? राजकन्येसारखी वाढवली!"

"तुम्हाला कुणी काही म्हटलंय का, ओडेल?"

"चहा पी तू," केझाया नवऱ्यावर खेकसली.

तेवढ्यात स्टेशनवरून परतलेले ईनॉक बागेच्या दारातून आत आले. एक मधमाशी कानाशी घोंगावली, तसा त्यांनी हात झटकला आणि रेल्वेतली एक सणसणीत शिवी हासडली. केझाया विजेसारखी बाहेर धावली.

"इथे नाही! माश्यांसमोर शिवी नाही, भांडण नाही, खोटं नाही. घरातलं प्रत्येक मरण, प्रत्येक लग्न त्यांना खरं सांगावं लागतं. नाहीतर टोपल्या ओस पडतात. माझ्या आईच्या वेळेपासून एकही टोपली ओस पडलेली नाही."

"चुकलो, बाई," ईनॉक म्हणाले आणि टोपी काढून चक्क मधमाश्यांना वाकून नमस्कार केला.

कुंपणापलीकडून कुणीतरी खो खो हसलं. शेजारच्या डिमॉक आजी. दात दोनच, पण जिभेला अजून धार होती. ट्रँटरबाई केझायाचा निरोप घेऊन सरळ त्यांच्याकडे गेल्या.

"ते साथीचे दिवस आठवतात, आजी?"

"न आठवायला काय झालं! दार बंद करून केझाया आत एकटी, दोन कोवळी पोरं घेऊन. चर्चमध्ये जाऊन आल्याशिवाय बाळंतिणीने लोकांत मिसळायचं नसतं, आणि ती अजून गेली नव्हती, त्यामुळे पोरंही कुणी धड पाहिली नव्हती. आम्ही उंबऱ्यावर रस्सा ठेवायचो आणि पळायचो. आधीची तीन पोरं गेली होती हो तिची. आणि टॅबिथा डावरी, हसरी. ती लंडनला गेल्यावर घरच मुकं झालं."

"फीबी गेली ते तुम्हाला कसं कळलं?"

"रात्री दाराआडून तिनेच सांगितलं, बहिणीची फीबी गेली म्हणून. सकाळी बघते तर केझाया घराची किल्ली घेऊन बागेत. एकेका टोपलीवर टकटक करत होती, काळी फीत बांधत होती. मी इथे कुंपणाशीच होते." आजींनी डोळे पुसले. "दुःखाने इतकी बावचळली होती बिचारी, की नावच चुकली. 'सेलिना गेली, आपली सेलिना गेली,' असं माश्यांना सांगत होती. मी हाक मारून म्हटलंसुद्धा, अगं, तुझी नाही, बहिणीची! तर माझ्याकडे अशी काही बघितली, की मी घरात निघून गेले."

"आणि टॅबिथा वारल्याची बातमी आली तेव्हा?"

आजी विचारात पडल्या. "तेव्हा... तेव्हा फीत नव्हती. सासऱ्यासाठी बांधली, दिरासाठी बांधली. टॅबिथासाठी नाही. विसरली असेल."

"असेल," ट्रँटरबाई म्हणाल्या.

वाटेत ईनॉकनी ऐटीत आपला शोध सांगितला. ती बाई सेंट ऑल्बन्सच्या गाडीने येते. तिथल्या एका डॉक्टरच्या घरी कारभारीण आहे.

"नाव?"

"गाडीवाल्यांना नाव काय ठाऊक! पण तिकीट डाव्या हाताने देते म्हणे. हे काही कामाचं आहे का, वहिनी?"

ट्रँटरबाई रस्त्यातच थांबल्या. "भावजी, आज तुम्ही माझ्या पुढे गेलात."

*

पुढच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, ट्रँटरबाईंनी सगळ्यांना ओडेलांच्या बागेत बोलावलं. ऊन चांगलं पडलं होतं. माश्या कामावर निघाल्या होत्या. जॉब बाकाच्या टोकाला बसला. डिमॉक आजी आपल्या कुंपणाशी आल्या. सेलिना आईपासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली. ईनॉक मात्र कुठे दिसत नव्हते.

"सेलिनाने मला एकच प्रश्न विचारला होता," ट्रँटरबाई म्हणाल्या. "आई खोटं बोलतेय का? उत्तर सोपं आहे. हो. पण कोणतं खोटं, ते शोधायला वेळ लागला.

"थडग्यावरची वेणी बघा. नमुना या घरचा, घडी उलटी. हा नमुना जाणणाऱ्या आणि डाव्या हाताने विणणाऱ्या बायका दोनच. एक सेलिना. दुसरी टॅबिथा. सेलिनाने ती ठेवलेली नाही. म्हणजे टॅबिथा जिवंत आहे."

"लोकं नमुने चोरतात," केझाया म्हणाली.

"चोरतात. म्हणून तेवढ्यावर मी थांबले नाही. तुम्ही म्हणालात, थडग्यावर कधी पाऊल टाकलं नाही. मग ही तुमच्या बागेतली थाईम तिथे कशी रुजली? जाळी ओढून दर पानगळीत तिथे जाऊन बसणारी दुसरी बाई तुम्ही. भाचीसाठी रडायला लाजायचं कशाला? जाळी कशाला? एमॉसला हेच कोडं पडलं होतं, एका पोराला दोन आया कशा? मला वाटलं, त्यातली एक चुकीच्या मातीवर रडत असेल तर?"

सेलिनाच्या हातातली काडं खाली पडली. तिने ती उचलली नाहीत.

"डिमॉक आजी, त्या सकाळी तुम्ही काय ऐकलंत?"

"अगं बाई, पण ती तर नाव चुकली होती..." आजी बोलता बोलता थांबल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"नाव चुकली नव्हती. पाद्र्याशी ती खोटं बोलली. शेजाऱ्यांशी बोलली, सख्ख्या बहिणीशी बोलली. मधमाश्यांशी खोटं बोलायचं धाडस तिला झालं नाही. मेली ती खरंच सेलिना होती. या घरात वाढली ती फीबी."

"हे सगळं तुमच्या डोक्यातलं!" केझाया ओरडली. "टॅबिथा मेली! कधीच मेली!"

"मग एवढंच करा." ट्रँटरबाईंनी दारातली किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "विसरून राहिलं होतं, ते आज सांगून टाका. टोपलीवर टकटक करा आणि म्हणा, टॅबिथा मेली. मी सगळ्यांदेखत तुमची माफी मागेन."

केझायाने किल्ली घेतली. पहिल्या टोपलीपाशी गेली. किल्ली गवताला टेकवली. तिचे ओठ हलले. आत माश्यांची गुणगुण चालू होती. ती तशीच उभी राहिली आणि मग किल्ली तिच्या हातातून निसटली.

"चौथं होतं ते माझं," ती टोपलीकडे बघतच म्हणाली. "माझ्या मांडीवर निळं पडलं. आणि दुसरं, तिचं, पाळण्यात हात-पाय झाडत होतं. भूक लागली होती त्याला. मी त्याला जवळ घेतलं. घेतल्यावर मला ते सोडता आलं नाही."

"सोडता आलं नाही?" सेलिनाचा आवाज ओळखू येत नव्हता. "आणि तिला काय सांगितलंस? ती आली असेल ना?"

"आली होती."

"काय सांगितलंस?"

उत्तर जॉबने दिलं. पेला नसल्यामुळे त्याला हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. "दुसऱ्याच्या पोराला दूध विकलंस म्हणून तुझं गेलं, असं म्हणाली. परत गावात तोंड दाखवू नकोस म्हणाली. टॅबिथा थडग्यापासूनच माघारी गेली."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं, बाबा?"

जॉब बाकावरची धूळ झटकत राहिला. त्याच्या गप्प बसण्यावर ते घर इतकी वर्षं उभं होतं.

"मी तुझा हात बांधायचे," केझाया म्हणाली. "डावा हात. तिच्यासारखी दिसायला लागलीस, की मी दोरी आणखी आवळायचे. पण मी तुला दूध पाजलंय, पोरी. तुझ्या तापात मी रात्ररात्र..."

"माहितीये मला," सेलिना म्हणाली. "म्हणूनच तर. दुसऱ्या कुणी केलं असतं, तर मी विसरले असते."

फाटक वाजलं. ईनॉक उभे होते, टोपी हातात घेऊन. त्यांच्यामागे काळ्या पोशाखातली बाई होती. सेलिनाला पाहून ती त्या दिवशी पांढरी का पडली, हे आता सगळ्यांनाच दिसलं. बावीस वर्षांपूर्वीच्या आरशात स्वतःला पाहिल्यावर आणखी काय होणार!

टॅबिथा आत आली नाही. ती फक्त बहिणीकडे बघत होती.

"केझी," ती म्हणाली, "मी तुझ्यापाशी ठेवली होती गं. तुझ्यापाशी."

आरडाओरडा नव्हता, शाप नव्हता. केझायाने मान फिरवली. पाठ सरळच होती, पण ती कशाला तरी टेकायला जागा शोधत होती.

सेलिना घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या फडक्यातली अर्धी टोपी होती. तिने ती केझायाच्या शेजारी बाकावर ठेवली. मग गवतातली किल्ली उचलली आणि पहिल्या टोपलीवर हलकेच टकटक केलं. घरातल्या मुलीच करतात तसं, वाकून, तोंड जवळ नेऊन.

"सेलिना गेली, हे तुम्हाला आधीच सांगितलंय," ती म्हणाली. "आता फीबी चाललीय."

तिने किल्ली दाराला परत लावली आणि फाटकाकडे निघाली. टॅबिथाने पुढे केलेला हात डावा होता. हिनेही नकळत डावाच दिला, आणि दोघींचे हात एकमेकांत नेमके बसले. मग टॅबिथाने तिला जवळ ओढलं.

परतीच्या वाटेवर ईनॉकनी विचारलं.

"वहिनी, आपण चांगलं केलं ना?"

"तिने विचारलं ते सांगितलं, भावजी. चांगलं झालं की नाही, ते तिने विचारलं नव्हतं."

दिवस मावळायच्या आत डिमॉक आजींनी कुंपणावरून पाहिलं. केझाया बागेत एकटीच होती. लग्नाच्या टोपीला लावायला आणलेली पांढरी फीत बाकावर पडली होती. केझाया एकेका टोपलीला काळी फीत बांधत होती आणि वाकून काहीतरी सांगत होती. या वेळी नाव कोणतं घेतलं, ते आजींना ऐकू आलं नाही.